सय्यादियाचा रंग कांद्यातूनच यावा

इजिप्तच्या उत्तर किनाऱ्यावर अलेक्झांड्रियापासून पोर्ट सैदपर्यंत, आणि तिकडे आखाताच्या टोकाशी सुएझला, तळलेल्या किंवा भाजलेल्या माशाबरोबर जो तपकिरी भात वाढतात तो सय्यादिया. कोळ्यांचा भात. सामग्री पाहिली तर एखाद्याला वाटेल, यात शिकण्यासारखं काय आहे? आखूड दाण्याचा तांदूळ, कांदे, तेल, जिरे, मीठ, मिरी, आणि पाणी. बिर्याणीच्या किंवा मसालेभाताच्या सवयीने याकडे पाहणारा माणूस लगेच काहीतरी वाढवायला जातो: लवंग, दालचिनी, तमालपत्र, हळद, थोडा टोमॅटो, वर तळलेले काजू. भात चविष्ट होतो, पण सय्यादिया होत नाही. या भाताचा रंग, गोडवा, आणि घासाच्या शेवटी जिभेवर राहणारी किंचित कडवट छटा या तिन्ही गोष्टी एका कांद्यातून येतात. म्हणून घरी करून बघायचा असेल तर सगळा वेळ आणि सगळं लक्ष कांद्यावर खर्च करावं, आणि बाकी प्रत्येक गोष्टीत हात आखडता ठेवावा. पुढचं सगळं विवेचन या एका सल्ल्याची कारणं आणि त्यावरच्या हरकती यांच्याभोवतीच आहे.

हा पदार्थ जिथे रुजला तो भाग आधी डोळ्यांसमोर आणायला हवा. इजिप्तचं रोजचं अन्न भाकरीसारखी गव्हाची रोटी. भात घरोघरी होत असला तरी तो पिकतो मुख्यतः नाईलच्या त्रिभुज प्रदेशाच्या उत्तर पट्ट्यात, कफ्र अल-शेख, दकाहलिया, बुहैरा, दमिएत्ता या भागात. समुद्र जवळ असल्याने तिथल्या जमिनीत खार वर येतो, आणि शेतात पाणी कोंडून ठेवणारं भातपीक तो खार खाली धुऊन नेतं. भाताला पाणी फार लागतं म्हणून सरकार दरवर्षी लागवडीचं क्षेत्र ठरवून देतं, तरीही खारवट पट्ट्यातून भात पुरता काढून टाकणं परवडत नाही, त्याचं एक कारण हे. याच पट्ट्यात मन्झाला, बुरुल्लुस, इद्कू ही मचूळ पाण्याची मोठी सरोवरं आहेत आणि त्यात मासेमारी चालते. म्हणजे तांदूळ आणि मासा एकाच खारवट जमिनीची देणगी. पेण-अलिबागकडच्या खारभूमीत भात आणि जिताडा यांची जोडी कशी जमली हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना हे वेगळं सांगायला नको. अशा ठिकाणी कोळ्याच्या घरात मासा ताजा, तांदूळ हाताशी, कांदा स्वस्त. उंची मसाल्यांवर उभा राहणारा पदार्थ तिथे घडण्याचं कारणच नव्हतं.

आता कांद्याकडे. कांद्यात वजनाने जवळजवळ नऊ दशांश पाणी असतं. जोवर ते पाणी आहे तोवर कढईतला कांदा शंभर अंशांच्या फारसा वर जात नाही, आणि तोवर तो फक्त शिजतो. त्याच्यातल्या साखरा आणि प्रथिनांचे घटक एकमेकांशी जोडले जाऊन तपकिरी रंग आणि भाजका वास तयार होतो तो तापमान साधारण 140 अंशांच्या पुढे गेल्यावर झपाट्याने. म्हणून कांदा परतताना पहिली दहा-बारा मिनिटं काहीच घडत नाही असं वाटतं आणि शेवटच्या तीन-चार मिनिटांत सगळं भराभर घडतं. या घडामोडीतून जे तपकिरी द्रव्य तयार होतं त्यातलं बरंचसं पाण्यात विरघळतं. सय्यादियाची सगळी युक्ती या एका गुणावर उभी आहे. बिर्याणीत तळलेला कांदा थरांमध्ये पसरतात आणि तो कांदा म्हणूनच तोंडात येतो. इथे कांद्याचा अर्क पाण्यात उतरवायचा, आणि ते पाणी तांदळाने प्यायचं. भाताचा दाणा आतपर्यंत रंगतो तो त्यामुळे. वरून रंग चढवलेल्या भाताचा दाणा फोडून पाहिला की आत पांढरा निघतो.

दोन वाट्या, म्हणजे सुमारे 400 ग्रॅम तांदळाला तितक्याच वजनाचा कांदा घ्यावा. साधारण तीन मोठे. हे प्रमाण पहिल्यांदा जास्त वाटतं, पण त्यात काटछाट करू नये. कांदा कोणता, हा प्रश्न महाराष्ट्रात तरी बारकाईने विचारण्यासारखा आहे. खरिपाचा पोळ कांदा ओलसर असतो, त्याचं पाणी आटेपर्यंत फोडी लगदा होतात. चाळीत टिकणारा उन्हाळी कांदा घट्ट असतो आणि नीट तांबूस होतो, तोच घ्यावा. अलिबागचा पांढरा कांदा गोड म्हणून प्रसिद्ध आहे, पण त्याचा मान कच्चा खाण्यात, तो इथे तळून वाया घालवू नये. कांदा उभा आणि सारख्या जाडीचा चिरावा. बारीक-जाड फोडी असल्या की बारीक करपतात तेव्हा जाड जेमतेम सोनेरी झालेल्या असतात. जाड बुडाच्या टोपात पाच-सहा मोठे चमचे तेल घेऊन मध्यम आंचेवर कांदा टाकावा आणि मीठ मुळीच घालू नये. मिठाने कांद्याला पाणी सुटतं, तो मऊ पडतो. भाजीच्या वाटणाला ते सोयीचं असेल, इथे आपल्याला पाणी लवकर जायला हवं आहे.

पुढे डोळा ठेवायचा तो रंगावर. कांदा आधी काचेसारखा होतो, मग कडा पिवळ्या पडतात, मग सोनेरी, मग बदामी. आपल्याकडचे बहुतेक पदार्थ बदामीला थांबतात, आणि घाई झाली तर बऱ्याचदा त्याच्याही आधी. सय्यादियाला त्याच्या पुढे जावं लागतं: गडद तपकिरी, कडांना जवळजवळ चॉकलेटी, पण काळा नाही. सोनेरी झाल्यापासून उलथनं हातातून ठेवू नये आणि आंच थोडी कमी करावी, कारण आता पाणी संपलं आहे आणि तापमान आवरणारं काही उरलेलं नाही. शेजारच्या शेगडीवर सहा वाट्या पाणी उकळत ठेवलेलं असावं. हव्या त्या रंगाच्या एक पायरी आधीच ते कडेने, जपून, थोडं थोडं ओतावं; गरम तेलात पाणी पडल्यावर ते उसळतं, म्हणून चेहरा लांब आणि झाकण हाताशी. एक पायरी आधी अशासाठी की तापलेला कांदा पाणी पडेपर्यंतच्या काही सेकंदांतही रंगत असतो. मग आंच वाढवून झाकण न ठेवता दहाएक मिनिटं उकळू द्यावं. कांदा ज्या रंगाचा होता तो रंग पाण्यात उतरतो आणि फोडी फिक्या, लिबलिबीत होतात. चमचाभर पाणी पांढऱ्या बशीत घेऊन बघावं. ते कोऱ्या चहाच्या रंगाचं दिसलं पाहिजे. फिक्या चहासारखं दिसलं तर भात पिवळट होणार हे आत्ताच समजून घ्यावं. अशा वेळी दुसऱ्या कढईत आणखी एक कांदा गडद परतून या पाण्यात घालणं हा प्रामाणिक उपाय. चमचाभर सोया सॉस किंवा करपवलेली साखर घालणारेही आहेत. रंग मिळतो, पण सॉसबरोबर परका खारटपणा येतो, आणि साखरेत कांद्याच्या गंधकयुक्त द्रव्यांतून येणारा तो मांसल, खमंग वास नसतो.

इथे पहिली हरकत येते ती कडवटपणाची. इतका गडद कांदा म्हणजे जळका कांदा, त्याचा भात कडूच लागणार, असं म्हणणाऱ्यांचं म्हणणं निराधार नाही. तपकिरी आणि काळा यांच्यातलं अंतर खरोखर मिनिटाभराचं आहे, आणि एकदा काळ्या पडलेल्या फोडींचा कडूपणा पाण्यातही उतरतो, मग तो काढता येत नाही. पण या धोक्यावर उतारा म्हणून बदामीला थांबणं चुकीचं. कारण तेवढ्याने भात गोडसर आणि मिळमिळीत होतो, आणि तेलकट माशापुढे तो टिकत नाही. थोडी कडवट कड हवीच. लिंबू, तिळाची चटणी आणि माशाची चरबी यांच्याशी तीच तर जमते. उतारा सोपा आहे: पाणी आधीच उकळून जवळ ठेवणं, आणि तरीही दहा-वीस फोडी काळ्या झाल्याच तर पाणी ओतण्यापूर्वी त्या चिमट्याने उचलून टाकणं. सगळाच कांदा काळवंडला असेल तर मात्र टाकून द्यावा आणि पुन्हा सुरुवात करावी. कांदा गेला तरी तांदूळ अजून कोरडा आहे, मासा अजून कच्चा आहे. खाण्याचा सोडा घातला तर कांदा लवकर रंगतो असंही सांगतात, आणि ते खरं आहे. पण सोड्याने कांद्याचा लगदा होतो आणि चवीत साबणाची छटा येते. पंधरा मिनिटं वाचवण्यासाठी ही किंमत फार.

दुसरी हरकत अधिक वजनदार आहे. लेबनॉन आणि सीरियाच्या किनाऱ्यावरही याच नावाचा पदार्थ आहे, आणि तिथे भात माशाच्या पाण्यात शिजवतात. डोकी, काटे, शेपट्या कांद्याबरोबर उकळून, गाळून, त्या पाण्यात लांब दाण्याचा तांदूळ, वर माशाचे तुकडे, तळलेला कांदा आणि चिलगोजे. आखाती देशांत आणि जेद्दाहच्या बाजूलाही सय्यादिया होते, तिच्यात मसाले आणखी. दुबई, मस्कत, दोहा इथे राहणाऱ्या मराठी माणसांनी हॉटेलात खाल्लेली सय्यादिया बहुधा यांपैकीच असते, आणि म्हणून ‘माशाच्या पाण्याशिवाय कसली सय्यादिया’ हा प्रश्न ते विचारणारच. त्या पदार्थांत काही उणं नाही. पण तिथे भात आणि मासा हे एकच ताट म्हणून रचलेले असतात. इजिप्तमध्ये भात हा सोबती आहे. तिथल्या मासळीच्या खानावळीत बर्फावर मांडलेला मासा गिऱ्हाईक आधी निवडतो, तो किलोवर तोलला जातो, मग तळायचा, भाजायचा की भट्टीत घालायचा ते सांगायचं. सय्यादिया, कोशिंबिरी, तिळाची चटणी आणि लोणचं बरोबर येतं. एकाच भातापाशी एकाने तळलेली कोळंबी आणि दुसऱ्याने भाजलेली बोय खायची असेल, तर भाताला एका माशाचा वास असून चालणार नाही. इजिप्तमधली काही घरंही माशाचं पाणी वापरतात, हे खरं. पण निम्मं कांद्याचं आणि निम्मं माशाचं असं पाणी केलं की कांद्याचा रंग पातळ होतो, ही व्यवहाराची अडचण राहतेच. ज्यांना मोह आवरत नाही त्यांनी साध्या पाण्याच्या जागी काट्यांचं पाणी वापरून त्यात कांदा उकळावा, आणि काटे वीस मिनिटांहून जास्त उकळू नयेत. त्यापुढे ते पाणी उग्र लागतं.

टोमॅटोबद्दल इजिप्तमध्येही दोन मतं आहेत. एखादा किसून घालणारी घरं आहेत आणि ते ऐकूनही नाक मुरडणारी आहेत. माझं मत दुसऱ्या बाजूचं. टोमॅटोने भात लालसर होतो, मग तो रंग कांद्याचा की टोमॅटोचा हे शिजवणाऱ्यालाच कळेनासं होतं, आणि कांदा कमी परतल्याची चूक झाकली जाते. निदान पहिल्या दोन-तीन वेळा तरी टोमॅटोविना करून बघावा. जिरे मात्र हवेतच. इजिप्तमध्ये माशाशी जिऱ्याचं नातं पक्कं आहे. आपल्याकडे किनाऱ्यावर माशाला त्रिफळ, कोकम, धणे अधिक जवळचे, त्यामुळे नुसतं जिरं आणि मासा ही जोडी सुरुवातीला अनोळखी वाटेल. भाजून कुटलेलं एक चहाचा चमचा जिरं, अर्धा चमचा मिरी आणि मीठ कांद्याच्या उकळत्या पाण्यात घालावं. फोडणीत घालू नये. गडद कांद्याच्या तापमानाला जिरं करपतं.

तांदूळ निवडतानाही हाच विचार. इजिप्तचा तांदूळ आखूड, गोलसर, जपोनिका वंशाचा. गिझा 177, सखा 101 अशा नावांचे वाण तिथे लावले जातात. शिजल्यावर दाणे मऊ होतात, एकमेकांना हलके धरून राहतात, पण गिजगोळा होत नाहीत. पाहुणे येणार म्हणून आपल्याकडे हात बासमतीकडे जातो, आणि इथेच फसगत होते. बासमतीचा सुगंध कांद्याशी भांडतो आणि मोकळे लांब दाणे तिळाच्या चटणीत बुडवलेल्या माशाबरोबर घासात सापडत नाहीत. आंबेमोहोरचा दाणा आकाराने जवळचा, पण त्यालाही स्वतःचा वास आहेच; तो चालेल, पहिली पसंती नको. नवा इंद्रायणी चिकट, तो पिठलं-भाताला राहू द्यावा. जुना कोलम मला सगळ्यांत सोयीचा वाटतो: वास सौम्य, दाणा लहान, पाणी पिणारा. परदेशात असलेल्यांना कॅलिफोर्नियाचा कॅलरोज सहज मिळतो आणि तो मूळच्या अधिक जवळ जातो. तांदूळ धुऊन वीस मिनिटं भिजवावा आणि चाळणीत पूर्ण निथळावा, नाहीतर पाण्याचा हिशेब चुकतो. कांदा उकळून झाल्यावर पाणी मोजून घ्यावं, ही पायरी बहुतेक जण गाळतात. दोन वाट्या भिजवलेल्या जुन्या कोलमला पावणेचार ते चार वाट्या, आंबेमोहोरला साडेतीन, कॅलरोजला तीन पुरतात. कांद्याच्या फोडी तशाच ठेवल्या तरी चालतात. एकसारखा भात हवा असेल तर काही जण त्या पाण्यातच वाटून गाळतात, आणि तेही रास्त आहे. तांदूळ घालून एक उकळी, मग पाणी दाण्यांच्या पातळीला आलं की आंच अगदी मंद, घट्ट झाकण, बारा मिनिटं, आणि आंच बंद करून दहा मिनिटं हात लावायचा नाही. कुकरची शिट्टी इथे वापरू नये. दाणा फुटतो आणि रंग डागाडागाने बसतो.

‘मग माशाला तरी मसाला लावायचा की नाही?’ हा प्रश्न राहतोच, आणि त्याचं उत्तर होय असं आहे. भात आवरता ठेवला तो याचसाठी. लसूण, जिरे, धणे, हिरवी मिरची, मीठ आणि लिंबू एकत्र ठेचून माशाच्या पोटात आणि अंगावरच्या चिरांत भरतात. तिथला आवडता मासा बूरी म्हणजे आपली बोय. आणि नाईलचा बुल्ती म्हणजे तिलापिया, उजनीच्या बाजूला जिला चिलापी म्हणतात त्याच कुळातला. दोन्ही इथे मिळतात, तेव्हा पापलेट-सुरमईवर पैसे घालण्याची गरज नाही. भाजायचा असेल तर खवले न काढता, ओल्या माशाला गव्हाचा कोंडा सगळीकडून दाबून लावतात आणि जाळीवर ठेवतात. कोंडा जळतो, कातडी काळी पडते, पण मासा जाळीला चिकटत नाही आणि आतलं मांस रसदार राहतं; खाताना ती कातडी सोलून बाजूला ठेवायची. जाळीवरून काढल्या काढल्या लिंबू, लसूण, जिरे आणि मीठ घातलेल्या पाण्यात तो बुचकळतात. घरच्या गॅसवर लोखंडी तव्यावर हेच जमतं, धूर मात्र भरपूर होतो, खिडकी उघडी हवी. तळायचा असेल तर मैद्याचा किंवा कणकेचा अगदी पातळ हात पुरे. रव्याचं जाड कवच सोलकढी-भाताला शोभतं, इथे ते भातापेक्षा जास्त बोलतं. तिसरा प्रकार सिंगारी: मासा पाठीकडून चिरून सपाट उघडायचा, वर टोमॅटो, कांदा, ढोबळी मिरची आणि लसूण-जिऱ्याचं वाटण पसरून भट्टीत घालायचा. टोमॅटो आवडणाऱ्यांनी आपली हौस इथे भागवावी.

चटणीसाठी अर्धी वाटी पांढरे तीळ कोरडे, रंग न बदलू देता भाजून, थोडं तेल घालून गुळगुळीत वाटावेत; मग लिंबू, लसूण, चिमूटभर जिरं, मीठ आणि थंड पाणी थोडं थोडं घालत फेटावं. पाणी घालताना ती आधी घट्ट होते आणि घाबरून लोक थांबतात. घालत राहावं, ती पुन्हा सैल आणि पांढरी होते.

राहिली वेळेची हरकत. पाऊण तास कांद्यापाशी उभं राहून मग मासा तळायचा, हे कामाच्या दिवशी कुणाला जमणार? पण कांद्याचं पाणी आदल्या रात्री करून ठेवता येतं, आणि भात-मासा वेगळे ठेवण्याचा हाही एक फायदा. गाळून फ्रिजमध्ये दोन-तीन दिवस ते चांगलं राहतं, बर्फाच्या कप्प्यात त्याहून जास्त. गार झाल्यावर वर जमणारं तेल काढून टाकू नये, भाताचं तेल तेच आहे. दुसऱ्या दिवशी पाणी उकळायला ठेवलं आणि तांदूळ भिजत घातला की जेवण तासाभरात तयार होतं, आणि त्यातला शेवटचा पाव तास माशासाठी मोकळा राहतो. भात उरला तर तासा-दोन तासांत थंड करून फ्रिजमध्ये ठेवावा आणि दुसऱ्या दिवशी पाण्याचा हबका मारून झाकण ठेवून वाफवावा. मासा मात्र त्या दिवशी नव्याने तळावा.